पावतीवरचा पाचवा रकाना

मार्च महिना लागला की मळवलीतल्या आमच्या गल्लीत ग्रामपंचायतीचा शिपाई वसुलीची बिलं घेऊन फिरू लागतो. माझ्या खालाच्या दारातही येतो. खालाचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर. विटांच्या भिंती, वर पत्रा, मागच्या न्हाणीघरावर तेवढा स्लॅब. खालू जाऊन नऊ वर्षं झाली, तरी बिल त्यांच्याच नावाने येतं. खाला चष्मा लावून चार रकाने वाचते. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. बेरीज तपासते, पैसे मोजून देते आणि पावती पत्र्याच्या डब्यात ठेवते. त्या डब्यात जवळजवळ चाळीस वर्षांच्या पावत्या आहेत. एकही वर्ष चुकलेलं नाही.

याच घराच्या जोरावर खाला दोन वर्षांपूर्वी एका बँकेत कर्ज मागायला गेली. रक्कम 25 हजार. लोहगड-विसापूरला येणाऱ्या ट्रेकर पोरांना ती दोन खोल्या देते. पोरांना सकाळी गरम पाणी लागतं, गिझरचं बिल परवडत नाही, म्हणून न्हाणीघरावर सौर बंब बसवायचा होता. बँकेतल्या साहेबांनी खरेदीखत मागितलं, वारसनोंद मागितली, आयटी रिटर्न मागितला. खालाने नमुना 8 चा उतारा पुढे केला तर म्हणाले, हा मालकीचा पुरावा नाही. मग पत्ता वाचून आणखी एक प्रश्न विचारला, "म्हणजे मशिदीमागची वस्ती ना?" खालाने हो म्हटलं. त्यानंतर चहा आला, कर्ज आलं नाही.

शेवटी खालाने महिना तीन टक्क्याने बाहेरून पैसे उचलले. दरमहा 750 रुपये सूद, मुद्दल तसंच. चौदा महिने भरले, मग बांगड्या मोडून मोकळी झाली. सौर बंबाने वर्षभरात जेवढी वीज वाचवली, त्याच्या दुपटीहून जास्त पैसे सुदात गेले. जिने आयुष्यभर सुदापासून अंग राखलं, बँकेत बचत खात्यावर पडलेलं व्याजही जी गरिबाला देऊन टाकते, तिच्याच पदरी बाजारातलं सगळ्यात महाग सूद आलं.

मी हा लेख कोण्या एका साहेबांविरुद्ध लिहीत नाही. ते त्यांच्या नियमाने वागले असतील. माझा प्रश्न नियमालाच आहे. कर घेताना जे घर सरकारला स्पष्ट दिसतं, तेच घर कर्ज देताना का दिसेनासं होतं?

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्या पावतीवर पंचायत घराकडून कर घेते, त्याच पावतीच्या आधारावर तिने घराच्या वीजबचतीसाठी पैसे उभे करून द्यावेत आणि त्यांचा हप्ता घरपट्टीबरोबर वसूल करावा. चार रकाने आहेत, पाचवा हवा.

कल्पना माझी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बर्कली नावाचं शहर आहे. तिथल्या नगरपालिकेने 2008 साली हा प्रयोग केला. घरावर सौर पॅनेल बसवायचं तर एकदम मोठी रक्कम लागते, ती सामान्य माणसाकडे नसते. पालिकेने ठरवलं की रक्कम आम्ही उभी करू, घरमालकाने ती मालमत्ता कराबरोबर 20 वर्षांत फेडावी. त्याच वर्षी राज्याने कायदा करून सगळ्या शहरांना ही मुभा दिली. पुढे त्यात पॅनेलबरोबर खिडक्या, भिंतींचं अस्तर, पाणी तापवायची यंत्रं असं वीजबचतीचं बरंच काही आलं. या पद्धतीला तिकडे 'पेस' म्हणतात. तिचं मर्म एवढंच की कर्ज माणसाच्या नावावर नसतं, घराच्या नावावर असतं. माणूस घर विकून गेला तर हप्ता घराबरोबर राहतो, कारण बचतही घरातच राहते.

ही गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. आपल्याकडे माणूस बघूनच कर्ज अडतं. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून तिथे कर्ज द्यायचं टाळलं. पण हे दुखणं एकट्या मुसलमानाचं आहे असं समजू नका. आमच्या शेजारचे कातकरी, गावठाणाबाहेरच्या वाडीतले ठाकर, स्टेशनजवळ गॅरेज टाकलेला बिहारी पोरगा, नवऱ्यामागे घर चालवणारी मराठा बाई, या सगळ्यांना बँकेच्या काउंटरवर तेच उत्तर मिळतं. कागद नाही, पगारपत्रक नाही, सिबिल नाही. पंचायत मात्र या सगळ्यांकडून कर घेते. घर अतिक्रमणातलं असलं तरी नमुना 8 ला त्याची आकारणी होते, बिल येतं, पावती मिळते. नाव, पत्ता, मोजमाप, किती वर्षं पैसे भरले याचा हिशेब, सगळं पंचायतीच्या दप्तरात आहे. माणूस पैसे फेडणारा आहे की नाही, हे ठरवायला याहून चांगला पुरावा कोणता?

मळवलीत बसून विजेविषयी लिहिताना एक जुना हिशेब सांगितलाच पाहिजे. मावळच्या पावसावर मुंबईचे दिवे लागले त्याला शंभर वर्षं होऊन गेली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथली धरणं टाटांच्या जलविद्युत कंपनीने बांधली आणि 1915 साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. 1922 साली भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. त्याला पाणी पुरवणारं ठोकरवाडी धरण आंदर मावळातलं. शेजारच्या मुळशीत 1921 पासून सेनापती बापटांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. पाऊस आमचा, दरी आमची, बुडालेली जमीन आमच्या पणजोबांची. आज शनिवार-रविवारी एक्स्प्रेसवेवरून येणारे पाहुणे ज्या बंगल्यांत उतरतात, तिथे एसी आणि पोहण्याच्या तलावाचे पंप चालतात. त्याच रस्त्यावर पत्र्याच्या घरात मे महिन्यात जुना पंखा गरम वारा फेकत असतो आणि महिन्याच्या शेवटी त्याचंही बिल येतं. मला बंगलेवाल्यांचा राग नाही. त्यांच्याकडे आज खर्च करून उद्या वाचवायची ऐपत आहे, आमच्याकडे ती नाही. गरिबाची वीज महाग पडते ती या एका कारणाने, त्याला स्वस्त विजेची यंत्रं विकत घेता येत नाहीत.

आता थोडी आकडेमोड करू. आकडे ढोबळ आहेत, तुम्ही आपल्या बिलावर करून पाहा.

साधा जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो. नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. म्हणजे 45 वॅट वाचले. मावळात पंखा वर्षाचे बारा महिने लागत नाही. आठ महिने, रोज दहा तास धरू. एका पंख्यामागे वर्षाला 108 युनिट वाचतात, दोन पंख्यांमागे 216. जुनी ट्यूब चोकसकट 50 वॅट, एलईडी ट्यूब 20. रोज पाच तास लागणाऱ्या दोन ट्यूब बदलल्या तर वर्षाला आणखी 110 युनिट. एकूण सव्वातीनशे. सगळे आकार मिळून युनिटला सरासरी 8 रुपये धरले तर वर्षाला 2,600 रुपये वाचले. खर्च किती? दोन पंख्यांचे 6,000, दोन ट्यूबचे 500. साडेसहा हजार.

हा खर्च पंचायतीने केला आणि चार वर्षांत वसूल केला तर वर्षाचा हप्ता 1,625 रुपये. कागदपत्र आणि वसुलीचा खर्च म्हणून दीडशे रुपये वर घ्या. तरी घरात पहिल्या वर्षापासून आठशेच्या वर शिल्लक राहते आणि पाचव्या वर्षापासून 2,600 च्या 2,600.

खालाच्या सौर बंबाचंही करू. दोन किलोवॅटचा गिझर रोज तासभर म्हणजे 2 युनिट. आपल्याकडे पावसाचे चार महिने सौर बंब थंडच असतो, म्हणून वर्षाचे 240 दिवस धरू. 480 युनिट, म्हणजे 3,840 रुपये. किंमत 25 हजार. आठ वर्षांच्या हप्त्याने वर्षाला 3,125. इथेही बचत हप्त्याहून जास्त. सावकाराकडे तिने वर्षाला 9,000 नुसतं सूद भरलं होतं. बंब तोच, घर तेच, बाई तीच. पैसे कुठून आले एवढ्यानेच फायद्याचा सौदा तोट्याचा झाला.

लगेच कोणी म्हणेल, पंचायतीला असं करता येतं का? आज सरळ येत नाही, पण वाट लांबची नाही. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा. त्याच्या कलम 124 मध्ये पंचायतीने कोणते कर आणि फी घ्यायची ते दिलं आहे, 1960 च्या नियमांत ते कसे घ्यायचे ते दिलं आहे. त्यात विशेष पाणीपट्टी आहे. ज्या घराने नळ घेतला त्याच घरावर ती बसते. म्हणजे एका घराला दिलेल्या सोयीचे पैसे त्याच घराकडून पावतीवर घ्यायचे, हे तत्त्व कायद्याने केव्हाच मान्य केलं आहे. नळाच्या जागी सौर बंब घाला. आपल्या मागणीचा गाभा एवढाच. राज्य सरकारने नियमांत एक फी वाढवावी. घरमालकाने स्वतः अर्ज केला तरच बसणारी, ठरलेल्या वर्षांनी आपोआप संपणारी.

पैसे कुठून आणायचे? याच कायद्याच्या कलम 133 मध्ये जिल्हा ग्रामविकास निधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या उत्पन्नाच्या 0.25 टक्के रक्कम या निधीत भरते आणि जिल्हा परिषद त्यातून ग्रामपंचायतींना विकासकामांसाठी कर्ज देते. त्या कर्जातून गाळे बांधता येत असतील तर पंखे का घेता येऊ नयेत? गाळ्यांना भाडेकरू मिळेल की नाही सांगता येत नाही. पंखा मात्र दुसऱ्या दिवसापासून वीज वाचवतो.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप पंचायतीतूनच येतो. गेल्या वर्षी मी ग्रामसेवकांकडे हा विषय काढला. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण आमच्या तोंडी भाऊसाहेबच.

ते हसून म्हणाले, "अहो, आहे तीच घरपट्टी वसूल होत नाही. त्यात तुमचा आणखी एक रकाना?"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, घरपट्टी भरून लोकांना हातात काय दिसतं? दिवाबत्ती कर भरतात आणि खांबावरचा दिवा बंद असतो. इथे हप्ता भरणाऱ्याच्या डोक्यावर पंखा फिरत असेल."

भाऊसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "थकबाकी गरिबांची कमीच असते हो. त्रास होतो तो कुलूप लावून गेलेल्यांचा."

मला यातच उत्तर दिसतं. योजना आधी त्यांच्यासाठी ठेवा ज्यांच्या सलग पाच वर्षांच्या पावत्या आहेत. खालासारख्या माणसांची चाळीस वर्षांची इमानदारी एकदा तरी कुठे जमेला धरली जाऊ दे. शिवाय सौर बंब हवा म्हणून कोणी मागची थकबाकी भरून टाकली तर पंचायतीचं काही बिघडणार नाही.

दुसरा आक्षेप, सरकारच्या योजना आहेतच की. आहेत. 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट किंवा त्यावर 78 हजार रुपये अनुदान मिळतं, बँकांचं विनातारण कर्जही आहे. योजना चांगली आहे. ज्याच्या नावावर मीटर, ज्याच्या मालकीचं पक्कं छप्पर आणि ज्याची बँकेत पत, त्याने ती जरूर घ्यावी. पण पत्र्याखाली राहणाऱ्याला पॅनेलच्या आधी पंखा बदलायची गरज आहे, आणि पंख्याला कोणतं अनुदान? पुणे महापालिका सौर प्रकल्प, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यासाठी मालमत्ता करात 5 ते 10 टक्के सवलत देते. तीही चांगली. पण सवलत मिळते ती आधीच खर्च करून बसलेल्याला. ज्याच्याकडे खर्चाला पैसे नाहीत त्याला सवलतीचा उपयोग काय?

तिसरा आक्षेप जरा शहाणा आहे. हप्ता वीजबिलातूनच का घेऊ नये? 2015 नंतर उजाला योजनेत एलईडी बल्ब हप्त्याने मिळाले, हप्ता वीजबिलातून वळता झाला. बल्बपुरतं ते ठीक होतं. पण बिल मीटरवर असतं. हप्ता थकला की वीज तोडली जाते, म्हणजे बचतीचं साधनच बंद. आणि वीज कंपनीला ग्रामसभा नसते. पंचायतीला असते. तिथे उभं राहून सरपंचाला विचारता येतं की पंखे कोणाकडून घेतले आणि काय भावाने घेतले. हा हक्क मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

चौथा आक्षेप आपल्या घरातला. जुम्म्यानंतर मशिदीच्या पायरीवर हा विषय निघाला तेव्हा एका बुजुर्गांनी विचारलं, "बेटा, यात सूद आहे का?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. टाळला तर आपले निम्मे लोक बाजूला राहतील आणि परत त्याच सावकाराकडे जातील. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण एक साधी रचना सुचवतो. पंचायतीने रोख कर्ज देऊच नये. तिने घाऊक भावात पंखा किंवा बंब विकत घ्यावा, त्यावर आपला ठरलेला खर्च लावावा आणि एकूण किंमत आधीच सांगून हप्त्याने द्यावा. उशीर झाला म्हणून किंमत वाढायची नाही. फिकहमध्ये ठरलेल्या नफ्यावरच्या अशा विक्रीला मुराबहा म्हणतात आणि ती जुनी, ओळखीची वाट आहे. देवबंदच्या मुस्लिम फंडाने 1961 पासून बिनव्याजी रकमा देऊन दाखवल्या, कामकाजाचा खर्च तेवढा वेगळा घेतला. यात शेजारच्या हिंदू बांधवाचं काही जात नाही. उलट जी किंमत वेळेबरोबर फुगत नाही ती त्यालाही हवीच आहे. आपल्या दीनने घातलेली अट इथे सगळ्या गावाच्या भल्याची ठरते.

आपल्याच लोकांना आणखी एक सांगतो. आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो. ती काढलीच पाहिजेत. पण ग्रामसभेत आपण किती जण जातो? वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्याने होतात. त्या दिवशी आपली पोरं कामावर असतात, बायका घरात, बुजुर्ग ओट्यावर. मग ठराव दुसऱ्यांचे होतात आणि आपण म्हणतो आपल्याला कोणी विचारत नाही. विचारायला आधी हजेरीपुस्तकात सही लागते.

पाचवा मुद्दा भाडेकरूंचा. मळवली, कार्ला फाटा, लोणावळ्याच्या वस्त्या, सगळीकडे हॉटेलांत आणि बंगल्यांवर काम करणारी माणसं भाड्याने राहतात. वीजबिल भाडेकरू भरतो, पंखा मालकाचा. मालक म्हणतो, बचत त्याची तर खर्च मी का करू? म्हणून दोघंही काही करत नाहीत. हप्ता घरावर बसला तर ही गाठ सुटते. मालक पावतीवर हप्ता भरेल, भाड्यात तेवढे वाढवून घेईल, भाडेकरूचं बिल त्याहून जास्त कमी होईल. पण इथे लबाडीला जागा आहे, म्हणून भाडेकरूची लेखी संमती आणि भाडं हप्त्याहून जास्त न वाढवण्याची अट अर्जातच हवी.

आता माझ्याच बाजूचं दुबळं अंग उघडं करतो, कारण ते लपवून मागणी केली तर उद्या तोंडावर पडू. अमेरिकेत ही कल्पना पुढे बिघडली. कशी बिघडली ते समजून घ्या. पालिकांनी काम खाजगी कंपन्यांवर सोडलं. ठेकेदारांची माणसं दारोदार फिरू लागली. म्हातारे, इंग्रजी कमी येणारे, कमी उत्पन्नाचे लोक गाठून त्यांच्या सह्या घेतल्या. हप्ता झेपेल का हे कोणी विचारलं नाही. कर म्हणून बसलेली रक्कम गृहकर्जाच्याही आधी वसूल होत असल्याने काहींच्या घरांवर जप्तीची पाळी आली. गृहकर्ज विकत घेणाऱ्या सरकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेने 2010 सालीच या पद्धतीला हरकत घेतली होती. लॉस एंजेलिस काउंटीने 2020 साली घरांसाठीची आपली योजना बंद केली. व्हर्मांट राज्याने मात्र वेगळा कायदा केला आणि हे देणं गृहकर्जाच्या मागे ठेवलं. पावतीवरच्या हप्त्याची कल्पना चुकीची नव्हती. तिच्यावरचा पालिकेचा हात निघाला आणि दलालाचा हात आला, तिथे ती बिघडली.

आपल्याकडे दलालाची कमतरता नाही. म्हणून या अटी मागणीच्या आतच हव्यात.

एक, घर कधीही जप्त होणार नाही. कायद्यात थकबाकीसाठी मागणी बिल, नोटीस, मग जप्ती अशी पायरी आहे. पाचव्या रकान्याला शेवटची पायरी लागू नको. हप्ता थकला तर मुदत वाढवा, फार तर वस्तू परत घ्या.

दोन, हप्ता अंदाजी बचतीहून कमीच असला पाहिजे. आधीच्या बारा महिन्यांची बिलं पाहून हिशेब मांडायचा आणि अर्जदाराला मराठीत वाचून दाखवायचा.

तीन, वस्तूंची यादी आणि भाव ग्रामसभेने मंजूर करायचे, पंचायतीच्या फळ्यावर लावायचे. दारोदार फिरणारा एजंट नको. दुरुस्तीची हमी लेखी हवी, नाहीतर पंखा सहा महिन्यांत बंद आणि हप्ता चार वर्षं चालू.

चार, नमुना 8 वरची नोंद पुरेशी मानायची. स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या, त्या मोजणीचा पहिला प्रयोग आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदरच्या सोनोरीत झाला. पण गावठाणाबाहेरच्या वस्त्या त्यात येत नाहीत. तिथलाच माणूस सगळ्यात आधी उन्हात तापतो. घर मयताच्या नावावर असेल तर राहत्या वारसाच्या अर्जावर काम व्हावं. आपल्याकडे ही घरं बहुतेक विधवांची असतात.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. नियम मुंबईत बदलतात, निधी पुण्यात जिल्हा परिषदेत आहे. पण मागणीची सुरुवात गावातच करावी लागते, कारण ठराव नसलेल्या मागणीला वर कोणी विचारत नाही. एका गावाचा ठराव फायलीत पडून राहतो. भाजे, कार्ला, वाकसई अशा मावळातल्या दहा-पंधरा गावांचे एकाच मजकुराचे ठराव गेले तर पंचायत समितीला उत्तर द्यावं लागतं. लोणावळा नगरपरिषदेचा कायदा वेगळा, पण घरपट्टी तिथेही आहे आणि पत्र्याची घरंही.

येत्या 1 मे च्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. विषयपत्रिकेवर घ्यायचा की नाही हे सरपंचांच्या हातात आहे, मोठ्याने विचारायचं आमच्या हातात. तुमच्या गावात तुम्ही द्या. मजकूर हवा असेल तर मी पाठवतो. सुरुवात दोन ओळींनी करा. "ज्या घरमालकाने स्वतः अर्ज केला आहे, त्याच्या घरातील वीजबचतीच्या साधनांची किंमत घरपट्टीसोबत बिनव्याजी हप्त्याने वसूल करण्यास ग्रामपंचायतीला मुभा मिळावी. त्यासाठी शासनाने नियमांत दुरुस्ती करावी व जिल्हा ग्रामविकास निधीतून रक्कम उपलब्ध करून द्यावी." त्याखाली वरच्या चारही अटी लिहा. एकही गाळू नका. एक गाळलीत तर दलाल त्याच फटीतून आत येईल.

मी हे खालाला वाचून दाखवलं. तिला बर्कलीत रस नव्हता. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या पावत्या तिथे चालतील?" मी म्हटलं, चालाव्यात म्हणूनच हे भांडण आहे. तिने डबा खाली काढला आणि पावत्या वर्षाप्रमाणे लावायला बसली. ग्रामसभेला ती तो डबा घेऊन येणार आहे.